सहा चाळीसचे दोन ठोके

गुरुवार, १ ऑगस्ट

नव्या फोनची नोंदणी पक्की झाल्याचा निरोप आज आला. परवा, शनिवारी, ईपोच्या दुकानात तो हाती पडेल. त्याच्याविषयी जे जे प्रसिद्ध झाले ते सर्व मी गेले तीन आठवडे वाचीत आलो आहे. त्याच्या कडेत एक लेखणी बसविलेली आहे. पडद्यावरच्या कोणत्याही मजकुरावर तिने थेट लिहिता येते, आणि शाईचा रंग आपण निवडावयाचा असतो. चौतीस वर्षे मलय भाषेच्या वह्या तपासण्यात घालविलेल्या मनुष्याला याहून अधिक काय हवे? मी लाल निवडणार.

सकाळच्या न्याहारीचा नासी लेमाक वाढता वाढता माझ्या मुलीने, सलमियाने, मला टोमणा मारलाच. "अबाह, सहा वर्षांतला हा चौथा फोन. आई होती तेव्हा एवढ्यांदा सदरा तरी बदललात का?"

"सदऱ्यावर लिहिता येत नाही," मी म्हणालो. मुलगी हसली, पण तिची आई हसली असती तशी नव्हे.

ही वही नवी आहे, म्हणून एक नित्याची गोष्ट नोंदवून ठेवतो. रोज सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझा जुना मित्र सिन्नदुरै याचा फोन दोनदा वाजून बंद होतो. मग मी त्याला दोनदा वाजवून बंद करतो. बोलणे होत नाही. दुरै आयुष्यभर रेल्वेच्या लहान स्थानकांवर सिग्नलच्या कामावर होता. एकेरी रुळांवर गाडी सोडण्यापूर्वी पुढच्या स्थानकाला घंटेचे दोन ठोके देऊन विचारावयाचे, मार्ग मोकळा आहे काय? तिकडून तेवढेच ठोके परत आले तरच गाडी सोडावयाची. उत्तर न आल्यास गाडी रोखून पुन्हा विचारावयाचे. सहा ठोके म्हणजे धोका. हे सर्व त्याने मला कॉफीच्या टेबलावर चमचा वाजवून शिकविले आहे.

नऊ वर्षांपूर्वी माझी पत्नी रोकिया गेली, तेव्हा मी आठवडाभर दार उघडले नव्हते. आठव्या दिवशी दुरै खिडकीशी येऊन म्हणाला, "अहो चिकगू, बोलायचं नसेल तर नका बोलू. मी रोज दोन ठोके देईन, तुम्ही दोन द्या. लाइन चालू आहे एवढं कळलं की झालं." मी मास्तर, म्हणून आमचे सारे तैपिंग गाव मला चिकगू म्हणते, त्याच्या तोंडी मात्र ते हाक मारल्यासारखे वाटते. पुढे त्याचीही पत्नी गेली, गुडघे गेले, तळ्याकाठचे फिरणे सुटले. ठोके चुकले नाहीत.

शनिवार, ३ ऑगस्ट

सकाळचे ठोके घेऊन-देऊन गाडीने ईपोला गेलो. दुकानासमोर शंभराहून अधिक माणसे उभी होती, आणि त्यांत माझ्या वयाचा मी एकटाच होतो. दार उघडताच सर्वांनी टाळ्या वाजविल्या. मीही वाजविल्या, का, ते सांगता येणार नाही. पेटीचे झाकण हळूहळू वर येते, आतली हवा निःश्वास टाकल्यासारखी सुटते. झाकण मी दोनदा मिटून पुन्हा उघडले, हे प्रामाणिकपणे लिहितो.

विक्रेती मुलगी म्हणाली, "अंकल, नातवाला घेताय का?"

"माझ्याकरिता."

"अरे वा! मग अंकल, हे बघा. नको असलेले फोन हा स्वतःच अडवतो. तुमच्या यादीत नसलेला नंबर आला की बेलच वाजत नाही. कर्जवाले, लॉटरीवाले, सगळे दाराबाहेर. संध्याकाळी किती अडवले ते सांगतो. साधं ठेवू की कडक?"

"कडक," मी म्हणालो. या सोयीला मी मनाशी 'द्वारपाल' हे नाव दिले आहे.

घरी आल्यावर सलमिया म्हणाली, "द्या इकडे, जुन्यातले सगळे नंबर दोन मिनिटांत नव्यात टाकते." मी दिला नाही. जुन्या फोनमधील यादी लज्जास्पद होती: 'नळवाला', 'दात डॉक्टर', एकच मनुष्य तीन नावांनी. दुपारभर बसून प्रत्येकाचे पूर्ण नाव, उपाधी आणि शुद्ध लेखन यांसह एकतीस क्रमांक स्वहस्ते लिहिले. दुरैचा लिहिला नाही. तो मला पाठ आहे. ज्याचा क्रमांक झोपेतही सांगता येतो त्याला नळदुरुस्तीवाल्याच्या खाली बसविणे मला प्रशस्त वाटले नाही.

सायंकाळी तळ्याकाठी फिरणाऱ्यांच्या गटात दुरैचा निरोप आला. 'रविवारी अकरा तारखेला माझ्या मिसेसचं तिसरं वर्ष आहे. सगळ्यांनी घरी जेवायला यावं. साधंच जेवण आहे. चिकगूने लवकर यावं, पानं मांडायला.' सहा ओळींत सात चुका होत्या. मलयमध्ये स्थळ दाखविणारा 'दि' सुटा लिहावा आणि क्रियापदाचा जोडून, हे मी त्याला चाळीस वर्षे सांगत आलो आहे. लेखणी हातातच होती. लाल शाईने सातही चुकांभोवती वर्तुळे काढली, समासात दुरुस्त्या लिहिल्या, खाली 'दहापैकी तीन, पुन्हा लिहा' असा शेरा दिला आणि ते चित्र गटावर पाठविले. अक्षर इतके सुरेख उमटले की मी ते पुनःपुन्हा मोठे करून पाहिले. अकरा जणांनी हसरे चेहरे पाठविले. दुरैने जोडलेल्या हातांचे चिन्ह पाठविले.

रविवार, ४ ऑगस्ट

सहा चाळीस झाले. ठोके आले नाहीत. सात वाजले, आले नाहीत.

तेव्हा त्याला लागले तर. थट्टा कळू नये इतका तो अरसिक नाही. पण त्या जोडलेल्या हातांत काही तरी होते. मी आपण होऊन ठोके द्यावेत असे एकदा मनात आले. परंतु विचारणाऱ्याने आधी वाजवावयाचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यावयाचे, हा नियम त्यानेच घालून दिला आहे. नियम मोडणारा मी नव्हे.

द्वारपालाने आज एक फोन अडविला. सलमियाला मोठ्या कौतुकाने दाखविले.

बुधवार, ७ ऑगस्ट

ठोके नाहीत. सेंगच्या कॉफी-दुकानात गेलो तर तो गल्ल्यावरूनच ओरडला, "या चिकगू! दुरैला नापास केलंत म्हणे! आता माझा फळा तपासू नका हं, गिऱ्हाईक पळेल."

सगळे हसले. मी फळ्याकडे पाहिले. 'कढत' चुकीचे लिहिले होते. काही बोललो नाही, हे माझ्या संयमाचे द्योतक समजावे.

"दुरै आला होता का इकडे?" मी सहज विचारल्यासारखे विचारले.

"त्या गुडघ्यांनी? कमुंटिंगहून? तुमचं तर रोज होतं ना त्याच्याशी टणटण?"

"होते," मी म्हणालो. खोटे बोललो. भूतकाळ म्हणून पाहिल्यास ते खरेही होते. पण मी वर्तमानकाळ म्हणूनच उच्चारले, आणि सेंगनेही तसेच घेतले.

द्वारपाल: एक.

रविवार, ११ ऑगस्ट

आठ वाजता पांढरा सदरा घातला. सलमियाने फुले आणून ठेवली होती. गेली दोन वर्षे मी सर्वांच्या आधी जाऊन केळीची पाने पुसून मांडतो. दुरै पान उलटे मांडलेले चालवून घेत नाही, आणि या एका विषयात तो माझ्या चुका काढतो.

साडेआठला सदरा उतरविला. ज्या घराने आठवडाभर माझी विचारपूस केली नाही, त्या घरी मी हसतमुखाने पाने मांडीत बसावे काय? निमंत्रण होते, हे खरे. पण ते लाल शाईच्या पूर्वीचे होते.

सलमिया म्हणाली, "अबाह, तुम्हीच दुखावलंत आणि तुम्हीच रुसलात? चार मैलांवर तर आहे. स्कूटरला किल्ली लावा नि जा."

"त्याने एकदा वाजवावे. मी तत्काळ जाईन."

"आणि त्यानं वाजवलं नाही तर?"

मी फोनच्या कॅमेऱ्याचे पुस्तक वाचीत असल्याचे दाखविले. फुले तिने मोरीवर ठेवली आहेत. अजून ताजी आहेत.

द्वारपाल: आज दोन. एरवी रोज नेमका एकच. हा कोणी चिकाटीचा विक्रेता दिसतो.

गुरुवार, १५ ऑगस्ट

लेखणीने दुरैला पत्र लिहावयास बसलो. 'प्रिय दुरै, त्या दिवशीचा माझा विनोद' येथवर लिहून 'विनोद' खोडला, कारण तो विनोद नव्हता. 'माझी चूक' लिहिले. मग वाटले, चुका तर सातही त्याच्या होत्या. तिसऱ्या मसुद्यात 'तुझ्या पत्नीच्या स्मरणाच्या मजकुरावर' असे शब्द आले, आणि ते मी प्रथमच असे सलग वाचले. मी कशावर गुण दिले होते?

पाठविले नाही. उद्या पुन्हा पाहीन. या फोनची एक अडचण अशी की खोडलेले काहीच दिसत नाही; कागदावर निदान ते खाली राहते.

मंगळवार, २० ऑगस्ट

दिवसभर पाऊस. ठोके नाहीत, सतरावा दिवस. आता मी सहा चाळीसला फोन उताणा ठेवीतच नाही.

द्वारपालाने आज विक्रम केला: सात. त्यांपैकी सहा तर भर दुपारी सव्वादोन ते अडीच या पंधरा मिनिटांत. ही विक्रेतेमंडळी वृद्धांच्या वामकुक्षीचीही भीड ठेवीत नाहीत. माझी झोप मात्र अभंग राहिली. कडक पर्याय निवडला ते योग्यच झाले.

गुरुवार, २२ ऑगस्ट

सेंगच्या दुकानात शिरलो, तर सगळे गप्प झाले. सेंग स्वतः खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. एरवी तो बसत नाही.

"चिकगू, तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

दुरैला परवा दुपारी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही गेली. शेजारच्या लेचुमीला तो काल सकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर आढळला. रात्रभर तेथेच होता. मुलगा पर्थहून निघाला आहे.

"फोन डाव्या हातात घट्ट धरलेला होता म्हणे," सेंग म्हणाला. "बोलता येईना, तरी कुणाला तरी लावत होता बिचारा."

कॉफी तशीच राहिली. घरी आलो आणि फोन सलमियापुढे ठेवला. मला स्वतःला पाहण्याचे धैर्य नव्हते.

"द्वारपालाने काय काय अडविले, त्यांचे क्रमांक दिसतात का?"

तिने दोनदा बोट फिरविले. यादी पुन्हा वरपासून खाली नेली. मग म्हणाली, "अबाह, दुरैअंकलचा नंबर तुम्ही घातलाच नव्हता?"

"तो मला पाठ आहे," मी म्हणालो.

तिने फोन माझ्यासमोर धरला. चार ऑगस्टपासून रोज, सहा चाळीस. एकही दिवस चुकलेला नाही. पाचला, सहाला, सातला. अकराला सकाळी आणि पुन्हा दुपारी एक वाजता. वीस तारखेस सहा चाळीस, आणि मग दोन पंधरा, दोन सतरा, दोन वीस, दोन तेवीस, दोन सव्वीस, दोन एकोणतीस.

सहा. मोजण्याची आवश्यकता नव्हती, तरी मी मोजले. तोंडाने हाक मारता येईना, तेव्हा त्याने मला धोक्याची घंटा दिली. नीट, नियमाप्रमाणे, सहा. आणि मी त्या सायंकाळी काय लिहिले ते मागच्या पानावर माझ्याच शुद्ध अक्षरांत आहे. ते पान फाडावेसे वाटले. फाडणार नाही.

खाली आणखी एका क्रमांकाचे चार होते, कालचे; सलमियाने लावून पाहिले, तो लेचुमीचा निघाला. तेही अडविलेले.

रविवार, २५ ऑगस्ट

काल रुग्णालयात गेलो. तो छताकडे पाहतो. डॉक्टरीण म्हणाली, ऐकू येत असावे, पण निश्चित सांगता येत नाही. मी पलंगाशी उभा राहिलो. चाळीस वर्षे त्याच्याशी बोलत आलो. त्याची चादर नीट केली आणि निघालो.

त्याचा चष्मा आणि लुंगी आणावयास आज कमुंटिंगला गेलो. चार मैल. स्कूटरला किल्ली लावली नि गेलो. घराची किल्ली लेचुमीकडे होती. ती माझ्याकडे पाहत दारातच उभी राहिली.

"तुम्हीच ना ते चिकगू? रोज सकाळी अण्णा ओट्यावर फोन घेऊन बसायचे. वाजवायचे, थांबायचे, थांबायचे. मी म्हटलं, अहो अण्णा, रिक्षा करून तुम्हीच जा ना त्यांच्याकडे. तर म्हणाले, 'नाही ग बाई, तिकडून उत्तर आल्याशिवाय गाडी सोडायची नसते.' हसून म्हणायचे हो. मला वाटलं, रेल्वेवाले आहेत, असतील असेच."

ती आत जाऊन चष्मा शोधू लागली.

ओट्यावरच्या स्टुलावर लांबट वही होती. स्थानकावर गाड्यांची नोंद ठेवतात तशी, रकाने आखलेली: तारीख, वेळ, दिले, मिळाले, शेरा. नऊ वर्षांच्या नोंदी. 'मिळाले' खाली रोज एक बरोबरची खूण. तीन ऑगस्टनंतर तिथे तिरक्या रेघा आहेत. शेरे असे:

'४. चिकगूचा नवा फोन. शिकतोय अजून.'

'५. सर्दी झाली असेल.'

'७. माझ्या चिठ्ठीत फार चुका. राग आलाय. साहजिक आहे.'

'८. चिठ्ठी पुन्हा लिहिली. दोनदा. पाठवायचा धीर नाही, परत चुकली तर?'

'११. पान मांडून ठेवलं. चारपर्यंत वाट बघितली. पायसम फ्रिजात ठेवलंय.'

'१५. बिघाड माझ्याच बाजूचा असणार. फोन दुकानात दाखवला. फोन चांगला आहे म्हणाले.'

'१९. पायसम नासलं. टाकलं.'

वीस तारखेस सकाळची नोंद आहे. शेरा नाही. दुपारची नोंद करण्यास उजवा हात उरला नव्हता.

वहीच्या शेवटच्या पानात दुमडलेला कागद होता. आठ तारखेची ती चिठ्ठी, माझ्या प्रत्येक लाल दुरुस्तीबरहुकूम, शाळकरी मुलासारख्या जपून काढलेल्या अक्षरांत. एकही चूक नव्हती. मी ती दोनदा तपासली, आणि तपासतो आहे हे ध्यानात येताच कागद मिटून खाली बसलो.

रविवार, १ सप्टेंबर

दुरैचा मुलगा आला आहे. सभ्य मनुष्य, माझे आभार मानतो. कशाबद्दल ते मी विचारले नाही. त्याला सर्व सांगितले. ऐकून त्याने वडिलांचा चष्मा पुसून ठेवला, मग म्हणाला, "अंकल, अप्पा तुमच्याबद्दल फोनवर एकदाही वाईट बोलले नाहीत. म्हणायचे, 'चिकगू कामात आहे.'" त्याने दोष दिला असता तर सोपे झाले असते.

द्वारपाल बंद केला आहे. दिवसातून आठ-दहा फोन येतात. कर्ज देणाऱ्या एका तरुणाचे बोलणे मी काल शेवटपर्यंत ऐकले. दुरैचा क्रमांक सलमियाने यादीत घातला. नाव काय घालू, असे तिने विचारले, तेव्हा मी 'दुरै' एवढेच सांगितले.

रुग्णालयात सकाळी भेटू देत नाहीत, सायंकाळी देतात. म्हणून सायंकाळचे सहा चाळीस धरतो. आधी वाजविण्याचा मान त्याचा होता. आता विचारणारा मी आहे. फोनची लेखणी काढून पलंगाच्या लोखंडी कठड्यावर दोन ठोके देतो आणि थांबतो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा आज म्हणाला, "काय हो, रोज काय ठोकता?"

"मार्ग मोकळा आहे का ते विचारतो."

"मग? काय म्हणतायत?"

दुरैने डोळे मिटले होते. डावा हात चादरीवर होता, बोटे अर्धवट उघडी.

त्याची वही मी सोबत नेतो. मुलाने नेऊ दिली. रकान्यांची नावे दुरैच्या हातची आहेत, त्यांत दोन चुका आहेत. त्या तशाच राहतील. त्याच्या शेवटच्या ओळीखाली साध्या निळ्या पेनाने लिहितो: तारीख, वेळ सहा चाळीस, दोन दिले. 'मिळाले' खाली नियमाप्रमाणे तिरकी रेघ मारावयास हवी. आजही मारली नाही. तो रकाना मी रिकामा ठेवतो.